पहिल्या दोन रिंगा

त्या घरात एक नियम होता. फोन वाजला की पहिल्या दोन रिंगा कुणी जागचं हलायचं नाही. तिसरी झाली की उठायचं, रिसीव्हर उचलायचा आणि मग 'हॅलो' म्हणायचं. का, ते विचारायचं नाही.

लवंगीने लहानपणी एकदा विचारलंच. काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पहिल्या दोन आपल्या नसतात."

"मग कुणाच्या असतात?"

काकांनी पान उलटलं. बाबांना एकदम चष्मा पुसायची आठवण झाली. आईने लवंगीचा दंड धरला आणि तिला मटार सोलायला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. त्या दिवशी तिला एवढंच कळलं, की या घरातल्या मोठ्या माणसांना उत्तर माहीत नसलं की ती ओरडतात, आणि माहीत असलं की गप्प बसतात.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आकाराने एवढीशी आणि तोंडाने जाळ, म्हणून काकांनी ते ठेवलं होतं, आणि ती नावाला जागली की तिच्यावर डाफरायचं कामही तेच करायचे. पुढे ती फिजिक्स घेऊन पदवीधर झाली. घरातल्या एकेका नियमाशी तिचं वाजलं. सातच्या आत घरात का यायचं, बाहेरच्या खोलीत मोठ्याने का हसायचं नाही, काकांच्या खुर्चीवर का बसायचं नाही. फोनच्या नियमाशी मात्र ती कधी भांडली नाही. तो अंगवळणी पडला होता. जिन्याची मोडकी पायरी न बघता ओलांडावी, तसा.

भांडायची वेळ आली ती घरात ब्रॉडबँड आलं तेव्हा.

दूरच्या एका शहरात उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे बनवणारी कंपनी होती. अर्ज करणाऱ्यांना ती आधी काही आठवडे घरूनच काम देऊन पारखायची. फोटो उतरवून घ्यायचा, त्यातले रस्ते, ओढे, घरं माऊसने गिरवायची आणि परत पाठवायचं. काम पसंत पडलं तर घरच्या नंबरावर फोन यायचा. मग त्या शहरात नोकरी आणि राहायला कंपनीचं होस्टेल. फोटो इतके जड, की जुन्या डायल-अपवर एक उतरेपर्यंत माणसाचा डोळा लागावा. शिवाय तेवढा वेळ फोन बंद. ते तर काकांना मुळीच खपत नसे. "फोन अडवून ठेवू नकोस," ते म्हणायचे. "बरं नाही ते." कुणासाठी बरं नाही, हे अर्थातच ते सांगायचे नाहीत.

ब्रॉडबँडला बाबा तयार झाले ते एका शब्दावर. "घरबसल्या काम आहे ना? करू दे की. पोरगी डोळ्यांसमोर राहील." होस्टेलची गोष्ट त्यांनी ऐकली नव्हती, किंवा ऐकून सोडून दिली होती.

लाइनमन आला तो बोलतच आला. "नवी तार नाही, खोदकाम नाही, काही नाही. हीच तुमची जुनी तांब्याची जोडी. बोलणं खालच्या अंगाने जातं, इंटरनेट वरच्या. एका तारेवर दोघं सुखाने नांदतात. घराघरात एवढं नांदलं असतं तर काय पाहिजे होतं!"

आई हसली. काका हसले नाहीत.

लाइनमनने एक छोटी पांढरी डबी काढून फोनच्या तारेला जोडली. "हा फिल्टर. जिथे जिथे फोन, तिथे तिथे फिल्टर. एखादा फोन विनाफिल्टरचा राहिला आणि कुणी उचलला, की तुमचं इंटरनेट झोपलंच समजा, ताई. फोन किती आहेत घरात?"

"एक," काका म्हणाले.

"वर वगैरे काही…?"

"एक म्हटलं ना."

"राहिलं. पाकिटात दोन फिल्टर येतात. दुसरा ठेवा जपून."

मोडेमवर हिरवा दिवा लागला आणि लवंगीच्या पडद्यावर पहिला फोटो भराभर उलगडला. एक अख्खं गाव, वरून दिसणारं. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरींचे पांढरे ठिपके, शाळेचं मैदान. जिला दिवेलागणीनंतर कोपऱ्यापर्यंत जाऊ देत नसत, ती मुलगी सकाळभर अनोळखी शहरांच्या छपरांवरून फिरत राहिली. इतकं मोकळं तिला कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी मावशीचा फोन आला आणि हिरवा दिवा विझला. पाठवायला लावलेलं काम अर्ध्यावर तुटलं. तासाभराने काकांच्या एका मित्राचा फोन आला, पुन्हा तेच. रोज हेच चालू झालं. चार दिवसांत कंपनीचा निरोप आला: काम सुबक आहे, पण तुटक पोचतं, असंच चाललं तर पुढचा विचार करता येणार नाही.

लाइनमन पुन्हा आला. त्याने मोडेम बदलला, दारावरची जोडणी तपासली, लाइन ठणठणीत आहे असं सांगितलं आणि दोष संगणकाच्या माथी मारून निघून गेला. काका म्हणाले, "जाऊ दे ना. नशिबात नसेल."

हे वाक्य ऐकलं की लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, वडीलधारी मंडळी आडवी झाली, काकांचं घोरणं सुरू झालं. घरात मोबाइल एकच, बाबांचा. तो तिने हळूच उचलला, फोन आणि मोडेम यांच्या मधोमध जमिनीवर बसली आणि आपल्याच घरचा नंबर फिरवला.

पहिली रिंग. हिरवा दिवा स्थिर.

दुसरी रिंग. ती अर्ध्यावर आली आणि दिवा विझला.

तिने फोन कापला. दिवा लुकलुकत परत येईपर्यंत थांबली आणि पुन्हा लावला. पुन्हा तसंच. रिंगच्या धक्क्याने पडत असतं तर पहिल्याच रिंगेला पडायला हवं होतं. हे रिंगचं काम नव्हतं. दुसऱ्या रिंगेला कुणीतरी फोन उचलत होतं. विनाफिल्टरचा.

तिसऱ्या वेळी तिने एक हात रिसीव्हरवर ठेवला. दिवा विझताक्षणी उचलला.

आता एका कानाला मोबाइल आणि दुसऱ्या कानाला रिसीव्हर. तारेच्या दोन्ही टोकांना तीच. ऐकू यायला हवा होता फक्त तिचा स्वतःचा श्वास. पण रिसीव्हरमध्ये सू… असा आवाज भरला होता, पत्र्यावरून वाळू घसरावी तसा. आणि त्या आवाजाच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. तिने आपला श्वास रोखून धरला.

तो थांबला नाही.

मग एक बाईचा आवाज आला. वाळूखालून आल्यासारखा, तुटक. "माझा… हे का…?"

क्षणभराने तेच शब्द मोबाइलमधून, दुसऱ्या कानात. "माझा… हे का…?"

लवंगीने रिसीव्हर ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच. आतल्या खोलीत काकांचं घोरणं क्षणभर अडखळून पुन्हा सुरू झालं. ती तशीच बसून राहिली. पण भीती तिच्या अंगात फार वेळ टिकत नसे, तिचा राग व्हायचा. थोड्या वेळाने तिच्या डोक्यात एकच गोष्ट उरली. घर म्हणतं फोन एक आहे, लाइन म्हणते दोन आहेत. आणि लाइनला खोटं बोलायचं कारण नाही.

तिने हॉलच्या कोपऱ्यातली तार नजरेने धरली. भिंतीवरून ती वर गेली होती, रंगाच्या थरांखाली दबलेली, छतातल्या भोकातून माडीवर.

माडीवर एकच खोली होती, आत्याची. म्हणजे बाबांच्या आणि काकांच्या धाकट्या बहिणीची. लवंगीच्या जन्माआधीच ती तापाने गेली, एवढंच ठाऊक. खोलीत आता जास्तीच्या गाद्या, मोडका पंखा आणि ट्रंका. आत शिरल्यावर जुन्या कापसाचा वास आला आणि त्याच्या खाली आणखी एक. तो ओळखायला तिला वेळ लागला. खूप वापरलेल्या फोनच्या तोंडाशी येतो, तसा कुणाच्या तरी श्वासाचा शिळा वास.

खिडकीच्या फळ्यांना आतून खिळे ठोकलेले होते. पाऊस आत येतो म्हणून, असं तिला लहानपणी सांगितलं होतं. आज ती पहिल्यांदा त्या खिळ्यांकडे नीट बघत होती. पावसासाठी इतके खिळे कुणी ठोकत नाही.

गादी सरकवल्यावर जमिनीलगत फोनची तपकिरी डबी सापडली. खालून आलेली तार आत गेली होती. डबीतून बाहेर काहीच नव्हतं. फोन नव्हता. तिने स्क्रू सैल करून तारेची दोन्ही टोकं सोडवली, लांब वाकवून ठेवली, खाली आली आणि मोबाइलवरून नंबर लावला. दुसऱ्या रिंगेला दिवा विझला.

ती परत वर गेली तेव्हा आई दारात उभी होती.

"तार काढलीस?" आईने हळू विचारलं.

"काढली. तरी पडतंय."

"मोठ्या भाऊजींनी, तुझ्या काकांनीही काढली होती. फोन तर अख्खाच नेऊन फेकून दिला होता. काही फरक पडला नाही."

लवंगी गादीवर बसली. "सांग."

"काय सांगू…"

"आई, मी मटार सोलायच्या वयाची नाहीये आता."

आई उंबऱ्यातच बसली. आत आली नाही. "तुझ्या आत्याला नोकरी लागायची होती. बाहेरगावी. ते लोक फोन करून कळवणार होते. ती इथे, याच भिंतीला टेकून बसायची, फोन मांडीवर घेऊन. वाजला की मोठे भाऊजी खाली आधी उचलायचे आणि 'रॉंग नंबर' म्हणून मोकळे व्हायचे. तोवर ती वर उचलायची, विचारायची, 'माझा आहे का?' ते म्हणायचे, 'नाही. रॉंग नंबर. ठेव.'"

"आणि बाबा?"

"बाबा चष्मा पुसत बसायचे."

"आणि तू?"

"मी नवी नवरी होते गं…"

"नवी होतीस. मुकी नव्हतीस."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "एकदा ती खिडकीतून उतरायला गेली. कुणीतरी पाहिलं. मग खिडकी… बंद केली. त्याच पावसाळ्यात ताप आला. डॉक्टरांना बोलवायला उशीर झाला."

"घरात दोन दोन फोन होते, आई."

आईने पदराचं टोक पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "ती गेल्यावरसुद्धा फोन वाजला की ती विचारायची. कुणीही उचलला तरी. 'माझा आहे का?' आधी मोठे भाऊजी उत्तर द्यायचे, 'रॉंग नंबर' म्हणून. पुढे त्यांना ते होईना. कुणी काही बोललं नाही, तर दोन रिंगांनंतर ती आपली ठेवून देते. म्हणून मग…"

"म्हणून नियम. तिला उत्तर द्यायला लागू नये म्हणून."

लवंगी उठली, खाली गेली आणि पाकिटातला दुसरा फिल्टर घेऊन आली. तारेची टोकं तिने पुन्हा डबीत बसवली, स्क्रू आवळले आणि त्यापुढे ती पांढरी डबी जोडली. तिचं एक तोंड लाइनकडे. दुसरं, फोनचं तोंड, रिकामं, भिंतीपाशी.

जिन्यावर काकांची पावलं वाजली. झोपमोड झालेला चेहरा दारात आला. "काय चाललंय वर?"

"फिल्टर लावतेय. जिथे जिथे फोन, तिथे तिथे फिल्टर."

"तिथे फोन नाही."

"मग दोन रिंगा तुम्ही कशाची वाट बघता, काका?"

काका तिच्याकडे, मग आईकडे पाहत राहिले. भिंतीपाशी त्यांनी पाहिलंच नाही. "काढ ते," एवढं म्हणून ते खाली गेले. जाताना मोडकी पायरी विसरले आणि ठेचकाळले.

तिने काढलं नाही.

त्या दिवसापासून दिवा विझला नाही. फोन वाजायचा, दुसऱ्या रिंगेला तो किंचित थरथरायचा आणि स्थिर व्हायचा. लवंगीने मान मोडून काम केलं. नद्या गिरवल्या, पूल गिरवले, एका शहराचे सगळे गल्लीबोळ पाठ झाले तिला. पाठवलेलं सगळं अखंड पोचत होतं. काम करताना कधीकधी तिला वाटायचं, की मागे कुणीतरी उभं राहून पडदा बघतंय. ती वळून पाहायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "हा रस्ता स्टेशनकडे जातो बघ." मग स्वतःशीच ओशाळून पुढचा फोटो उघडला.

काम संपलं. आता फोन यायचा होता.

काकांनी आपली खुर्ची फोनशेजारी आणून ठेवली. सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकीही तिथेच. "मी आहे फोनपाशी," ते म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

लवंगीला काळजी तीच होती. तिने बाबांना गाठलं. "बाबा, काकांना सांगा. तो फोन माझा आहे."

"अगं, ते काय परके आहेत का? घरच्यांचं भलंच बघतात ते. आणि इतक्या लांब, एकटीने…" बाबांचा हात चष्म्याकडे गेला. "बघू. फोन तर येऊ दे."

रविवारी दुपारी सगळे बाहेरच्या खोलीतच होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा दाढीचं सामान आवरत होते, लवंगी दारापाशी उभी होती. फोन वाजला.

पहिली रिंग. कुणी हललं नाही. काकांचा हात मात्र पुढे येऊन रिसीव्हरच्या वर तयार राहिला.

दुसरी रिंग अर्ध्यावर आली आणि थांबली.

असं कधी झालं नव्हतं. इतकी वर्षं रिंग आपली पुढे वाजत राहायची. खट्, एवढासा आवाज झाला आणि घर शांत झालं. हिरवा दिवा संथ जळत होता. काकांचा हात हवेत तसाच.

मग छतातून, लाकडातून गाळून आल्यासारखं, बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. चढउतार तेवढे कळत होते. कुणीतरी विचारत होतं, थांबत होतं, उत्तर देत होतं. वाळूचा आवाज आता नव्हता. बोलता बोलता वर कुणीतरी हसलं. चांगलं मोठ्याने, घरभर ऐकू जाईल असं.

आईच्या हातातली घडी सुटली. "हे… तिचं हसणं," ती पुटपुटली.

काकांनी हात मागे घेतला. रिसीव्हर उचलायची त्यांची छाती झाली नाही. वरचं बोलणं थांबलं. कुणीच काही बोलायच्या आत फोन पुन्हा वाजला.

लवंगी पुढे झाली.

"तिसरी होऊ दे!" काका ओरडले. "लवंगे, तिसरी…"

तिने पहिल्याच रिंगेला उचलला. "हॅलो."

"हां, मघाशी कट झाला बहुतेक," पलीकडून एक उत्साही, कामात बुडालेला बाईचा आवाज आला. कंपनीचं नाव, मग लवंगीचं. "तुमची निवड झालीय. अभिनंदन! हे मी तुमच्या घरातल्या बाईंना सांगितलंच आहे, किती छान बोलतात हो त्या. आवाजही अगदी तुमच्यासारखा. होस्टेलबद्दल एक विचारायचं राहिलं होतं."

काका खुर्चीतून अर्धे उठले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "रॉंग नंबर म्हण. ठेव."

"ऐक त्यांचं," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याचं टोक शोधायला लागले.

"बाबा, चष्मा राहू द्या." लवंगीने रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला. "मी नाही म्हणणार. नंबर बरोबर आहे. आणि फोन माझाच आहे." मग हात काढला. "बोला."

"त्या म्हणाल्या, दोघी येताय. तशी अडचण नाही, आमची खोली दोघींचीच असते. फक्त खिडकीजवळचा पलंग त्यांना हवाय म्हणाल्या. बंद जागेत फार वर्षं काढली, म्हणत होत्या. तुम्हाला चालेल ना? की काही चूक झालीय माझी?"

लवंगीच्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं. हो, चूक झालीय, मी एकटीच येतेय, एवढं म्हणायचा अवकाश होता. काकांना एकेकाळी सहज जमायचं, तसलंच एक वाक्य. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिने छताकडे पाहिलं. वर कुणीतरी कान देऊन ऐकत होतं. लाइनमध्ये, तिच्या श्वासाशेजारी, आणखी एक श्वास होता.

"नाही, चूक नाही," ती म्हणाली. "दोघी येतोय. खिडकी तिला द्या."

तिने रिसीव्हर ठेवला.

"तिला… कुणाला?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा ना, काका. पहिल्या दोन रिंगा कुणाच्या असतात?"

काका खुर्चीत बसले. पेपर त्यांच्या मांडीवर होता, पान कुणी उलटलं नाही. बाबांच्या हातात चष्मा तसाच राहिला. आई छताकडे पाहत होती. कुणी ओरडलं नाही.

वर, माडीवर, रिसीव्हर हलकेच खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग फळीतून सुटून एक खिळा जमिनीवर पडला आणि घरंगळत गेला.

मग दुसरा.